छत्रीखालची नावे

आजवर मी जे काही लिहिले ते लोकांनी उभ्याने वाचले, आणि बहुधा चालता चालता. माझी सर्वांत दीर्घ रचना एका सुक्या मासळीच्या दुकानावर होती. तिच्यात मालकाचे नाव, त्याच्या दिवंगत वडिलांचे नाव, मालाचे सहा प्रकार आणि शेवटी 'येथे बसू नये' एवढा मजकूर होता. अशा माणसाला संपादकांनी दिवाळी अंकासाठी अनुभव लिहिण्याचा आग्रह केला, तेव्हा मी नकारच देणार होतो. परंतु नकार देण्यासाठी बोलावे लागते, आणि ते मला कधी नीट जमले नाही. म्हणून हा लेख.

मी पाट्या रंगवीत असे. संस्कृत घेऊन बी. ए. झालो, चित्रकलेच्या परीक्षाही दिल्या, आणि पालघरजवळच्या एका शाळेत शिक्षक म्हणून उभा राहिलो. उभा राहिलो एवढेच खरे. वर्गातले डोळे एकदम माझ्याकडे वळले की कंठातून शब्द निघत नसे. मुले फार चांगली होती; माझ्या वतीने तीच आपसांत बोलत. वर्षअखेरीस मी राजीनामा दिला आणि ज्या वयात इतर कारागीर उस्ताद म्हणवून घेतात, त्या वयात एका वृद्ध पेंटरच्या हाताखाली ब्रश धरायला शिकलो. भिंतीची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी आवडली. काम करताना तिच्याकडे तोंड आणि जगाकडे पाठ करता येते. नोकरी सुटली तरी 'मास्तर' ही पदवी मात्र सुटली नाही. पालघर स्टेशनसमोरच्या माझ्या टपरीपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत सगळे मला मास्तरच म्हणत.

हा धंदा आता जवळजवळ संपला, तेव्हा बाहेरच्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. आधी भिंतीला चुना द्यायचा. तो वाळला की निळीत घोळलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा, मध्ये चिमटीत ओढून सोडायचा. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघांमध्ये खडूने अक्षरे बेतायची आणि मग रंग. रंग दोन जातींचे. कच्चा रंग म्हणजे भुकटी पाण्यात कालवून त्यात सरस घालायचा. दोन-तीन महिने टिकतो. पक्का रंग म्हणजे अळशीच्या तेलातला. किनाऱ्याच्या दमट हवेत वाळायला दोन दिवस घेतो, पण मग वर्षानुवर्षे हलत नाही. निवडणुकीचे सगळे काम कच्च्या रंगात करण्याचा रिवाज होता. आश्वासने जितके दिवस टिकायची तितके दिवस अक्षरे टिकली म्हणजे पुरे, असा त्यामागचा विचार असावा. निदान मला कोणी दुसरे कारण सांगितले नाही.

ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली वर्षे होती. आमचा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तारापूरला अणूपासून वीज करण्याचा कारखाना उभा राहत होता, बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसे उतरत होती आणि नव्या माणसांना नव्या पाट्या लागत होत्या. तिकडच्या एका लहान कंत्राटदाराच्या मुकादमाने मला धोक्याची पाटी करायला सांगितली. एका खोल खड्ड्याजवळ लोक बिनदिक्कत जात-येत असत.

"खोपडी ऐसी बनाव मास्तर," तो म्हणाला, "कि देखते ही आदमी का पसीना छूटे."

मी कवटी काढली, खाली दोन हाडे काढली. स्वभाव लपत नाही म्हणतात. माझी कवटी किंचित संकोचून हसत होती. मुकादमाने मान हलवली, पण पाटी लावली. पंधरवड्याने पाहतो तो कवटीच्या कपाळावर कुंकू, खाली अबोलीची फुले आणि उदबत्तीची काडी. मी ओशाळून क्षमा मागू लागलो, तर मुकादम खूश.

"अब कोई उधर नहीं जाता, मास्तर."

"घाबरून?" मी विचारले.

"डर काहे का? उधर से जाना हो तो अब चप्पल उतारना पडता है. उसका आलस आता है लोगों को."

श्रद्धेविषयी पुष्कळ विद्वत्तापूर्ण विवेचन मी पुढे वाचले. परंतु श्रद्धेने माणूस खड्ड्यात पडण्यापासून कसा वाचतो हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितलेले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चिंचणीच्या पुढे किनाऱ्यावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. माणसे अजून तिथेच राहतात. त्या गावात लग्नघराच्या भिंतीवर नावे घालण्याची रीत होती. वर 'श्री गणेशाय नमः', खाली वराचे आणि वधूचे नाव, मग 'शुभविवाह', आणि दोन्ही बाजूंना मोर. सुरुवात मुलीच्या घरापासून करायची. घरातली सवाष्ण त्या नावांना हळदकुंकू लावी, आणि त्यालाच 'नावं लागली' असे म्हणत. एकदा नावे लागली की त्यांवर कोणी चुन्याचा हात फिरवीत नसे. ती पुसायची तर पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने. माणसाने पुसणे म्हणजे लग्नच पुसणे. त्या गावात मी अशा भिंती पाहिल्या आहेत, जिथे 'चि. सौ. कां.' अजून ठळक आहे आणि त्याच भिंतीच्या पायाशी बसून ती वधू स्वतः नातवंडांना ओरडते आहे.

याच गावात त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. प्रश्न एकच होता. गावात पहिला सार्वजनिक नळ येणार होता, तो वरच्या आळीत बसवायचा की खालच्या? वरच्या आळीतून पांडूशेठ उभे राहिले, खालच्या आळीतून दामूशेठ. दोघेही होड्यांचे मालक, दोघेही लहानपणापासूनचे सोबती. शिवाय पांडूशेठच्या वसंताचा आणि दामूशेठच्या हिराचा साखरपुडा झालेला होता. वैशाखात लग्न ठरले होते. निवडणूक चैत्रात. मधल्या महिन्यात दोन व्याही एकमेकांचे विरोधक होते, आणि दोघांनीही रंगकाम मलाच दिले, कारण पंचक्रोशीत दुसरा पेंटर नव्हता.

पांडूशेठना निशाणी मिळाली शिडी. दामूशेठना छत्री. आता माझी अडचण पाहा. शिडीशिवाय मला उंच भिंत रंगवता येत नाही आणि चैत्राच्या उन्हात छत्रीशिवाय मी उभा राहू शकत नाही. माझी बांबूची शिडी एस. टी.च्या टपावरून उतरवून मी दामूशेठच्या दारात नेली, तोच ते ओट्यावरून गरजले.

"मास्तर! ही माझ्या दारात कोनाची निशानी आनलीत?"

"ही माझी आहे. वर चढायला लागते."

"वर चढायची तर पांडूला घाई. बाहेर ठेवा ती, रस्त्यावर."

मी शिडी रस्त्यापलीकडच्या माडाला टेकवली आणि डिझेलच्या रिकाम्या पिंपावर उभा राहून काम केले. पिंप डुगडुगत होते. दुसऱ्या दिवशी पांडूशेठच्या घरी गेलो तर तिथे शिडीचे स्वागत झाले, दोन माणसांनी ती मिरवत आत नेली. पण पांडूशेठनी माझ्या डोक्याकडे बोट दाखवले.

"ती काळी बया मिटवा आदी."

"ऊन फार आहे हो."

"ऊन सगल्यांनाच हाय. मिटवा."

त्या आठवड्यात मी एका घरी उन्हात भाजलो आणि दुसऱ्या घरी पिंपावरून दोनदा पडलो. राजकारणात तटस्थ राहणाऱ्याची किंमत मी अशी शब्दशः अंगावर मोजली आहे.

इतकेच चालले असते तर गंमत होती. परंतु देवळासमोरच्या सभेत दामूशेठ बोलता बोलता म्हणाले, "ज्याला आपली होडी धड किनाऱ्याला लावता येत नाय, तो गाव कुठं लावनार?" होडी चालवणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. पांडूशेठ जागेवरून उठले.

"निकालापर्यंत लग्नाचं नाव काढू नका कोनी."

"निकालानंतर बी नको!" दामूशेठ म्हणाले.

सभा हसली नाही. तिथे असलेली बाईमाणसे एकेक करून उठून गेली, आणि माझ्या लक्षात आले की आता नळाचा प्रश्न उरला नाही. दोघेही शब्दाचे पक्के म्हणून प्रसिद्ध होते. दोघांपैकी एक हरणार हे निश्चित होते, आणि हरलेला माणूस जिंकलेल्याच्या घरी वरात घेऊन जाईल किंवा त्याच्यासाठी दार उघडेल, असे गावात कोणालाही वाटत नव्हते.

मतदानाला दोन दिवस उरले असताना उमेदवारांना सूचनांसाठी पालघरच्या कचेरीत बोलावणे आले. पुष्कळसे गाव त्यांच्याबरोबर गेले. मी दामूशेठच्या भिंतीवर छत्रीचे शेवटचे काम करीत होतो. दुपारचे जेवणानंतरचे गाव; कुत्रीसुद्धा पडवीत पसरलेली. मागून आवाज आला.

"मास्तर, छत्री झाली?"

हिरा होती. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात कुंचा.

"दांडा राहिला आहे," मी म्हणालो.

"दांडा ऱ्हाऊ दे. छत्रीखाली आमची नावं घाला. पक्क्या रंगात."

मी पिंपावरून उतरलो. उतरलो म्हणण्यापेक्षा पिंपानेच मला उतरवले. "वडिलांना विचारलेस का?"

"ते कोनाला इचारून उभे ऱ्हायले? आज नावं नाय लागली तर पुढं लागनार नायत, मास्तर. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होते. मला हेही ठाऊक होते की मालकाच्या भिंतीवर मालकाच्या हुकमाशिवाय रेघ ओढू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. मी तिला तो सांगायला तोंड उघडले. शब्द आला नाही.

तिने माझ्याकडे पाहिले आणि ती हसली. त्या हसण्यात थोडी दया असावी. "तुमाला बोलायची भीती वाटते ना? मग बोलू नका. लिवा. लिवायला कुठं बोलावं लागते?"

संस्कृत साहित्यशास्त्राची पाच-सहा पुस्तके मी अभ्यासली होती. लेखनाची इतकी सोयीची व्याख्या त्यांत नव्हती.

तिने स्वतः खालच्या भागाला चुना दिला. उन्हाने तो पाहता पाहता सुकला. मी निळीचा दोरा ताणला. दुसरे टोक तिने धरले. अळशीच्या तेलाचा डबा मी पिशवीत नेहमी बाळगीत असे, तो उघडला. पण गणपतीची ओळ सर्वांच्या वर हवी, अगदी छत्रीच्याही वर, आणि पिंपावरून तिथे हात पोहोचेना.

"शिडी घ्या की," हिरा म्हणाली.

"शिडी तुमच्या दारात चालत नाही."

"गनपतीला पिंपावर उभं राहून लिवनार?" असे म्हणत तिने रस्ता ओलांडला आणि माडाला टेकवलेली शिडी स्वतः उचलून भिंतीला लावली.

मी वर गणेशाचे स्मरण केले आणि खाली नावे घातली. जागा बेताची होती, कारण दामूशेठनी छत्री भलतीच प्रशस्त करवून घेतली होती. वसंताचे नाव बसले. वधूचे नाव त्याच्या शेजारी थोडे अंग चोरून बसले. मोरांना तर जागाच उरली नाही.

"माझं नाव बारीक का?" तिने लगेच पकडले.

"छत्रीखाली जागा नाही."

"तरी वाटलंच," ती म्हणाली. पण तिने आत आईला हाक मारली. काशीबाई बाहेर आल्या, भिंत पाहिली, मुलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग आत गेल्या आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. हळद लागली, कुंकू लागले. शेजारच्या बायका जमू लागल्या, तसा मी गणेशाच्या ओळीला दुसरा हात द्यायला पुन्हा शिडीवर चढलो. कोणीतरी हळूच म्हणाले, "नावं लागली गं."

आणि त्याच वेळी नाक्यावर एस. टी. थांबली.

दोघेही व्याही एकाच गाडीतून उतरले आणि मध्ये आठ-दहा माणसे ठेवून चालत येऊ लागले. त्यांना काय दिसले असेल ते मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणले आहे. दामूशेठची भिंत, भिंतीवर छत्री, छत्रीखाली वसंत आणि हिरा, आणि या सगळ्याला टेकून उभी असलेली शिडी. शिडीवर मी.

"कोनी लिवलं हे?" दामूशेठ ओरडले. प्रश्न अनावश्यक होता. ब्रश माझ्या हातात होता. त्यांनी चुन्याची बादली उचलली.

काशीबाई आडव्या आल्या. "कुंकू लागलेल्या नावाला हात लावाल?"

दामूशेठचा हात थांबला. स्वतःच्या हाताने ते करणे त्यांनाही शक्य नव्हते. त्यांनी कुंचा माझ्यापुढे धरला. "मास्तर, तुमी लिवलं. तुमीच पुसा."

सगळे गाव माझ्याकडे पाहत होते. तेच ते वर्गातले डोळे. हिरा उंबऱ्याशी उभी होती; ती मात्र माझ्याकडे पाहत नव्हती, आपल्या नावाकडे पाहत होती. मी कसाबसा म्हणालो, "ओला रंग आहे. चुना धरणार नाही."

"कदी वालेल?"

"परवा."

हे तंतोतंत खरे होते. तेलाचा रंग ओला असताना त्याच्यावर चुना बसत नाही. नुसते ओघळ येतात. दामूशेठनी बादली खाली ठेवली. परवा मतदान होते. परवा कोणाला सवड असणार?

नंतर ते मला माडाच्या आडोशाला घेऊन गेले आणि आवाज बदलून म्हणाले, "खरं सांगा. पांडूनं सांगितलं ना? माझ्या भिंतीला शिडी लावून लिवलंय, म्हंजे त्यानंच."

मी बोलण्याचा प्रयत्न केला.

"नका सांगू," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "कललं मला. शेवटी नमला तो."

मी शिडी खांद्यावर घेऊन नाक्याकडे निघालो, तर विहिरीजवळ पांडूशेठ उभे.

"दामूच्या भिंतीवर दामूच्या हुकमाशिवाय कोन लिवील? मला बरोबर घेतलंय असं दाखवायला तुमाला शिडी बी लावायला सांगितली. हो ना?"

मी पुन्हा प्रयत्न केला. खरोखर केला.

"बरं, बरं. धंद्यातली गोष्ट फोडायची नाय, समजतंय मला." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "त्यानं हात पुढं केला, तर मी मागं घेऊ? एवढा काय लहान मनाचा नाय मी."

त्या दिवसापासून गावात माझ्याविषयी एक नवा आदर निर्माण झाला. मास्तर पोटातली गोष्ट ओठावर आणत नाही, असे लोक म्हणू लागले. गोष्ट ओठावर यावी म्हणून मी किती धडपडत होतो, हे त्यांना काय ठाऊक?

निवडणूक झाली. दोघेही पडले. निवडून आले तिसरे उमेदवार, पिठाच्या गिरणीचे सखारामभाऊ, ज्यांना कोणी हिशेबात धरले नव्हते आणि ज्यांनी माझ्याकडून एक अक्षरही रंगवून घेतले नव्हते. त्यांची निशाणी होती घागर. पाण्यासाठी विहिरीवर जाणारी प्रत्येक बाई सकाळ-संध्याकाळ कमरेवर त्यांचा प्रचार वाहत होती, आणि दळण आणायला त्याच बायका त्यांच्या गिरणीत येत होत्या. माझ्या कलेचा इतका दारुण पराभव दुसऱ्या कोणी केला नाही. आज प्रत्येक नाक्यावर हात जोडलेल्या चेहऱ्यांचे छापील फलक लटकतात, एका रात्रीत येतात आणि दुसऱ्या रात्रीत जातात. ते पाहिले की मला सखारामभाऊंची न रंगवलेली घागर आठवते. नळ शेवटी गिरणीसमोर बसला. पाणी त्याला पुष्कळ दिवस आले नाही, पण उद्घाटनाची पाटी मी पक्क्या रंगात केली होती; ती राहिली.

वैशाखात वसंता-हिराचे लग्न झाले. दोन पराभूत उमेदवार मांडवात शेजारी शेजारी बसून सखारामभाऊंना नावे ठेवत होते आणि त्यांच्यात पूर्वीसारखी मैत्री दिसत होती. जेवणाच्या पंगतीत दोघांनीही, वेगवेगळ्या वेळी, मला डोळ्याने खूण केली. पावसाळा संपल्यावर त्या रस्त्याने गेलो तेव्हा पाहिले, कच्च्या रंगातली छत्री पावसात पार वाहून गेली होती. खालची नावे मात्र कोरडीच्या कोरडी होती.

दोन्ही व्याही आता हयात नाहीत. दोघांनीही शेवटपर्यंत आपापल्या आळीत हेच सांगितले की पहिली माघार दुसऱ्याने घेतली. दोघांनाही समाधान होते, आणि माझ्याकडून त्यात कधी बाधा आली नाही.

पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाल्यानंतर बाजारात एकदा हिराबाई भेटल्या. हातात भाजीची पिशवी, बरोबर नात. मी त्यांना या लेखाविषयी सांगितले आणि विचारले, खरे काय ते लिहिले तर चालेल का?

"लिवा की," त्या म्हणाल्या. "आता कोन रागावनार हाय? लिवायला कुठं बोलावं लागते?" मग निघता निघता थांबल्या. "पन एक करा, मास्तर. या वेळी माझं नाव मोठं घाला. तेव्हा छत्रीखाली जागा नव्हती."

संपादकांना मी तशी विनंती केली होती. ते म्हणाले, ओळीच्या मध्येच एका शब्दाला मोठा टाइप देता येत नाही. म्हणून मी तिला अख्खी ओळ देतो.

हिरा.